रग्बी विश्वचषक : विभागीय पात्रतास्पर्धा

राष्ट्रीय पुरुष रग्बी संघांच्या दर चार वर्षांनी भरणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रवेश मिळविण्यासाठी निरनिराळ्या खंडांत घेण्यात येणाऱ्या स्पर्धा. प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असलेल्या ‘रग्बी युनियन’ या प्रकाराची विश्वचषक स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली. पहिल्या स्पर्धेत सर्व संघ निमंत्रणाने आले. १९९१ च्या स्पर्धेपासून मात्र काही जागा मागील स्पर्धेतील कामगिरीवर आणि उरलेल्या जागा विभागीय पात्रतेवर भरल्या जाऊ लागल्या. निमंत्रणाचा अधिकार मोजक्या राष्ट्रांच्या हातून जाऊन प्रवेशाचा निर्णय मैदानावर होऊ लागला, हे या पद्धतीचे मुख्य ऐतिहासिक महत्त्व होय. तथापि हे संक्रमण पूर्ण झालेले नाही. नामवंत संघांना राखीव जागा आणि इतरांना अरुंद प्रवेशद्वार हा भेद तिच्या इतिहासात सतत दिसून येतो.

पार्श्वभूमी : इंग्लंडमधील रग्बी फुटबॉल संघाची स्थापना १८७१ मध्ये झाली आणि त्याच वर्षी एडिंबरो येथे इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांनी १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. इंग्लंड त्यात १८९० मध्ये सामील झाले. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांना मंडळावर १९४८ मध्ये, तर फ्रान्सला १९७८ मध्ये स्थान मिळाले. या आठ राष्ट्रांच्या बाहेरही हा खेळ पसरलेला होता. फ्रान्सचे ब्रिटिश संघांशी संबंध तुटल्यानंतर १९३४ मध्ये ‘फिरा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी निराळी आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि इटली, रूमानिया इ. देशांतील रग्बी तिच्या आश्रयाने वाढली. फिजी, टाँगा व पश्चिम सामोआ (१९९७ पासून सामोआ) या पॅसिफिकमधील बेटांवर तर रग्बी हा लोकजीवनाचाच भाग बनला होता. परंतु या सर्वांचे परस्परांतील स्थान ठरविणारी एकही सर्वसमावेशक स्पर्धा नव्हती. विश्वचषकामुळे खेळाचे हौशी स्वरूप नष्ट होईल, अशी भीती ब्रिटिश बेटांवरील संघटनांना वाटत असे. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या आग्रहामुळे अखेर १९८५ मध्ये पॅरिस येथील बैठकीत मंडळाने स्पर्धेस मान्यता दिली.

पहिली स्पर्धा १९८७ मध्ये न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथे झाली. वंशभेदाच्या धोरणामुळे बहिष्कृत असलेली दक्षिण आफ्रिका तीत नव्हती. मंडळाच्या उरलेल्या सात सदस्यांखेरीज अर्जेंटिना, फिजी, इटली, कॅनडा, रूमानिया, टाँगा, जपान, झिंबाब्वे व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या नऊ देशांना बोलाविण्यात आले. पश्चिम सामोआला निमंत्रण मिळाले नाही. मैदानावर दाद मागण्याची सोय नसल्याने हा निर्णय अखेरचाच ठरला.

पात्रतास्पर्धांचा आरंभ : १९९१ च्या स्पर्धेसाठी मागील स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या आठ संघांना थेट प्रवेश देण्यात आला व उरलेल्या आठ जागांसाठी विभागीय सामने झाले. आशिया व पॅसिफिक विभागाचे सामने एप्रिल १९९० मध्ये टोकिओ येथे झाले. त्यांत पश्चिम सामोआ, जपान, टाँगा व दक्षिण कोरिया हे संघ होते. पश्चिम सामोआ व जपान यांनी प्रवेश मिळविला. यूरोपातून इटली व रूमानिया, आफ्रिकेतून झिंबाब्वे, तर अमेरिका खंडांतून कॅनडा, अर्जेंटिना व संयुक्त संस्थाने हे संघ पात्र ठरले.

या नव्या पद्धतीची कसोटी ६ ऑक्टोबर १९९१ रोजी कार्डिफ येथे लागली. निमंत्रणाच्या काळात वगळलेल्या पश्चिम सामोआने त्या दिवशी वेल्सचा १६–१३ असा पराभव केला आणि पुढे उपांत्यपूर्व फेरीही गाठली. वेल्सचे आव्हान मात्र गटातच संपुष्टात आले. परिणामी मंडळाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या वेल्सला १९९५ च्या स्पर्धेसाठी पात्रतेचे सामने खेळावे लागले. मे १९९४ मध्ये लिस्बन येथे त्याने पोर्तुगालवर १०२–११ असा विजय मिळविला. सामना एकतर्फी झाला, तरी प्रतिष्ठित राष्ट्रालाही रांगेत उभे राहावे लागते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्याच वेळी १९८७ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणारा फिजीचा संघ पात्रता मिळवू न शकल्याने १९९५ च्या स्पर्धेस मुकला. पॅसिफिकमधील जागा टाँगाने घेतली.

आफ्रिकेतून १९९५ मध्ये आयव्हरी कोस्टने प्रथमच प्रवेश मिळविला. स्कॉटलंडने त्याचा ८९–० असा पराभव केला. न्यूझीलंडने त्याच स्पर्धेत जपानवर १४५–१७ असा विजय मिळविला. विभागीय पात्रता मिळवून आलेला संघ आणि थेट प्रवेश मिळालेला संघ यांच्यातील अंतर किती मोठे असू शकते, हे या आकड्यांवरून स्पष्ट झाले. पुढे हा प्रश्न वारंवार उपस्थित होत राहिला.

विस्तार व फेरबदल : १९९९ मध्ये संघांची संख्या १६ वरून २० करण्यात आली आणि थेट प्रवेश केवळ चार संघांपुरता मर्यादित झाला : यजमान वेल्स, विजेता दक्षिण आफ्रिका, उपविजेता न्यूझीलंड व तृतीय क्रमांकाचा फ्रान्स. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व ऑस्ट्रेलिया यांनाही पात्रता सिद्ध करावी लागली. सर्व राष्ट्रांना एकाच मापाने मोजण्याचा हा सर्वांत धाडसी प्रयत्न होता. मात्र नोव्हेंबर १९९८ मध्ये हडर्झफील्ड येथे इंग्लंडने नेदर्लंड्सचा ११०–० असा धुव्वा उडविला. अशा सामन्यांतून दुबळ्या संघास काही शिकावयास मिळते की त्याचे मनोधैर्यच खचते, याविषयी मतभेद झाले. २००३ साठी उपांत्यपूर्व फेरीतील आठ संघांना थेट प्रवेश देण्याची जुनी पद्धत पुन्हा स्वीकारण्यात आली. तीनुसार त्या फेरीपर्यंत न पोहोचलेल्या आयर्लंडला सप्टेंबर २००२ मध्ये सायबीरियातील क्रास्नोयार्स्क येथे रशियाशी खेळावे लागले.

विभागात थोडक्यात हुकलेल्या संघांसाठी पुनःसंधीच्या सामन्यांची योजना १९९९ च्या स्पर्धेपासून अंमलात आली. निरनिराळ्या खंडांतील असे संघ परस्परांशी खेळत व विजेत्यास प्रवेश मिळे. टाँगा व उरुग्वाय हे या मार्गाने आलेले पहिले संघ होत. मार्च २००७ मध्ये पोर्तुगाल व उरुग्वाय यांच्यातील दोन सामन्यांची एकत्रित गुणसंख्या २४–२३ अशी झाली आणि पोर्तुगाल एका गुणाने प्रथमच विश्वचषकात आला. या योजनेचे रूपांतर पुढे चार संघांच्या साखळी स्पर्धेत करण्यात आले. तिला अंतिम पात्रतास्पर्धा म्हणतात. २०१८ मध्ये मार्से येथे झालेल्या अशा स्पर्धेत कॅनडाने हाँगकाँग, जर्मनी व केन्या यांना मागे टाकले.

२००७ च्या स्पर्धेपासून प्रत्येक गटातील पहिल्या तीन संघांना पुढील स्पर्धेत थेट प्रवेश मिळू लागला. गट चार असल्याने असे १२ संघ होत आणि पात्रतेसाठी आठच जागा उरत. या नियमामुळे गटात तिसरा क्रमांक मिळविण्यासही मोल आले. २०१५ मध्ये गटात तिसऱ्या आलेल्या जॉर्जियाला त्यामुळे २०१९ च्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळाला. उलट, बाहेरच्या संघांसाठी जागा कमी झाल्याने त्यांच्यातील चढाओढ अधिक तीव्र झाली.

विभागांचे स्वरूप : यूरोप, आफ्रिका, आशिया, ओशिॲनिया, उत्तर अमेरिका व दक्षिण अमेरिका असे सहा विभाग असून प्रत्येकाची स्वतंत्र संघटना आहे. यूरोपात सहा राष्ट्रांच्या वार्षिक स्पर्धेबाहेरील संघांसाठी श्रेणीबद्ध स्पर्धा असून तिच्यातील गुणांवर बहुधा पात्रता ठरते. जॉर्जिया, रूमानिया, स्पेन, पोर्तुगाल व रशिया हे तिच्यातील प्रमुख प्रतिस्पर्धी होत. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियास आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आले.

दक्षिण आफ्रिकेला नेहमीच थेट प्रवेश मिळत आल्याने आफ्रिकेतील उरलेली जागा इतर देशांना मिळते. १९९९ ते २०२३ या काळातील सातही स्पर्धांत ती नामिबियाने पटकाविली. परंतु मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना जिंकता आला नाही आणि २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून १४२–० असा पराभव पतकरावा लागला. आशियात २०१५ पर्यंत जपानचेच वर्चस्व होते. मात्र जपानच्या उदाहरणावरून पात्रतेच्या मार्गाने आलेला संघ किती मजल मारू शकतो, हेही दिसून येते : आशियाई पात्रता मिळवून आलेल्या या संघाने १९ सप्टेंबर २०१५ रोजी ब्रायटन येथे दक्षिण आफ्रिकेवर ३४–३२ असा विजय मिळविला.

रग्बीशी भारताचा संबंध जुना आहे. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात १८७९ पासून खेळला जाणारा ‘कलकत्ता चषक’ हा कलकत्त्यातील विसर्जित क्लबने आपल्या शिलकी चांदीच्या रुपयांतून घडवून घेतलेला आहे. मुंबईत बाँबे जिमखान्याने हा खेळ दीर्घकाळ जोपासला. तथापि भारतीय संघाला आशियाई विभागातून मुख्य स्पर्धेपर्यंत पोहोचता आलेले नाही.

खेळाडूंच्या पात्रतेचा प्रश्न : संघाच्या पात्रतेइतकाच खेळाडूच्या पात्रतेचा प्रश्नही निर्णायक ठरला आहे. खेळाडूचा, त्याच्या मातापित्यांचा वा आजीआजोबांचा जन्म अथवा ठराविक काळ वास्तव्य यांवर राष्ट्रीय संघात खेळण्याचा हक्क ठरतो. २०१८ मध्ये रूमानिया, स्पेन व बेल्जियम यांनी अपात्र खेळाडू उतरविल्याचे आढळले. त्यांचे गुण वजा करण्यात आले आणि २०१९ च्या स्पर्धेतील यूरोपची जागा रशियास मिळाली. २०२२ मध्ये एका खेळाडूच्या वास्तव्याविषयीच्या बनावट पुराव्यामुळे स्पेनने २०२३ च्या स्पर्धेतील मिळालेले स्थान गमावले. त्याची जागा रूमानियाला मिळाली आणि पोर्तुगालला अंतिम पात्रतास्पर्धेत संधी मिळाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुबई येथे संयुक्त संस्थानांविरुद्धचा सामना अखेरच्या क्षणी घेतलेल्या पेनल्टी किकमुळे १६–१६ असा बरोबरीत सोडवून पोर्तुगालने प्रवेश मिळविला. पुढे ८ ऑक्टोबर २०२३ रोजी तूलूझ येथे त्याने फिजीचा २४–२३ असा पराभव केला. विश्वचषकातील हा त्याचा पहिलाच विजय होता.

वास्तव्याची अट पूर्वी ३ वर्षांची होती. ती ५ वर्षे करण्यात आली. २०२२ पासून, एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूस तीन वर्षांच्या खंडानंतर आपल्या जन्माच्या वा पूर्वजांच्या देशाकडून खेळण्याची मुभा मिळाली. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथे वाढलेले अनेक खेळाडू त्यामुळे सामोआ व टाँगा यांना परत मिळाले.

परिणाम : लहान देशाच्या रग्बी संघटनेस विश्वचषकातील प्रवेश म्हणजे निधी, प्रसिद्धी व नव्या खेळाडूंची आवक, अपयश म्हणजे चार वर्षांची प्रतीक्षा. जुलै २०२२ मध्ये चिलीने संयुक्त संस्थानांविरुद्धचा पहिला सामना २१–२२ असा गमावला, दुसरा ३१–२९ असा जिंकला आणि एकत्रित ५२–५१ गुणांनी प्रथमच विश्वचषकात प्रवेश केला. संयुक्त संस्थानांची २०३१ च्या स्पर्धेचे यजमान म्हणून निवड त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. पण त्यांना २०२३ मध्ये स्थान मिळू शकले नाही.

ऑस्ट्रेलियातील २०२७ च्या स्पर्धेसाठी संघसंख्या २४ ठरविण्यात आल्याने पात्रतेच्या जागा आठवरून बारा झाल्या. यूरोपातून जॉर्जिया, स्पेन, रूमानिया व पोर्तुगाल यांनी, पॅसिफिक व उत्तर अमेरिकेतून टाँगा, कॅनडा व संयुक्त संस्थाने यांनी आणि दक्षिण अमेरिकेतून उरुग्वायने स्थान मिळविले. जुलै २०२५ मध्ये कांपाला येथे झिंबाब्वेने नामिबियाचा ३०–२८ असा पराभव केला आणि १९९१ नंतर प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळविला. जपानला थेट प्रवेश असल्याने मोकळी राहिलेली आशियाची जागा हाँगकाँगने जिंकली. विश्वचषकात येणारा तो जपानखेरीज पहिला आशियाई संघ होय. सामोआला मागे टाकून चिलीनेही प्रवेश मिळविला, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबई येथील अंतिम पात्रतास्पर्धेत चोविसावी व शेवटची जागा सामोआनेच मिळविली.

थेट प्रवेशाच्या जागा मात्र बाराच राहिल्या आहेत. बलाढ्य संघ आपल्या वार्षिक स्पर्धांत बाहेरच्यांना क्वचितच घेतात. त्यामुळे पात्रता मिळविणाऱ्या संघांना दोन विश्वचषकांच्या दरम्यान वरच्या दर्जाचे सामने फारसे लाभत नाहीत. १९८७ मध्ये केवळ निमंत्रणावर अवलंबून असलेला प्रवेश पात्रतास्पर्धांनी खेळाडूंच्या हाती दिला. प्रवेश मिळविणाऱ्यांना बरोबरीने खेळण्याइतकी तयारी करता यावी, अशी व्यवस्था मात्र केवळ पात्रतास्पर्धांनी निर्माण होत नाही. ती विभागीय स्पर्धांचा दर्जा आणि बलाढ्य राष्ट्रांचे सहकार्य यांवर अवलंबून राहील.