वाद घालतात, संवाद साधतात

मराठी क्रियापदे मोठी चोखंदळ असतात. आपण वाद घालतो. धिंगाणाही घालतो आणि हुज्जतही. गप्पा मारतो, चर्चा करतो, संवाद मात्र साधतो. मुहूर्त साधावा, नेम साधावा, तसा. तो कष्टाने मिळायचा असतो आणि हातचा निसटूही शकतो, असे भाषेने आधीच ठरवून टाकले आहे. वाद घालायला कष्ट लागत नाहीत.

वादाची ही अवस्था जन्मजात नाही. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात वाद, जल्प आणि वितंडा अशी तीन प्रकारच्या चर्चांची लक्षणे दिली आहेत. खरे काय ते ठरवण्यासाठी दोघांनी पक्ष आणि प्रतिपक्ष घेऊन, प्रमाणांच्या आधारे बोलणे म्हणजे वाद. जिंकण्यासाठी वाटेल ती युक्ती वापरली की तो जल्प. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची, ही वितंडा. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगताना वादाला त्यांत जागा देतो, ती या प्रतवारीतल्या पहिल्या क्रमांकाला.

मराठीत या कुटुंबाचे काय झाले पाहा. जल्प जवळजवळ गेला. त्याची नातेवाईक जल्पना कुठेतरी निरर्थक बडबडीच्या अर्थाने उरली आहे. वितंडा टिकली, पण वितंडवाद होऊन, म्हणजे ज्याच्यापासून तिला वेगळे काढले होते त्याच्याच गळ्यात पडून. जल्पातले एक हत्यार होते छल: बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढायचा. भाष्यकारांचे उदाहरण गमतीचे आहे. कुणी म्हणाले, या मुलाजवळ नव कंबल आहे. त्याला म्हणायचे नवी घोंगडी. प्रतिपक्षी विचारतो, नऊ कुठे आहेत, दिसते तर एकच! या शाब्दिक लबाडीचा मराठीत छळ झाला. शब्दांनी केलेल्या फसवणुकीपासून सासुरवासापर्यंतचा हा प्रवास मला अगदीच अकारण वाटत नाही.

वैद्यांचेही याकडे लक्ष होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, एका विद्येच्या जाणकारांनी आपसांत करायच्या संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत: संधाय आणि विगृह्य. पहिली स्नेहाची. तिथे निःशंकपणे विचारावे, विचारल्यास सांगावे, हरण्याची भीती धरू नये आणि जिंकल्याचा तोरा मिरवू नये. दुसरी भांडणाची, आणि तिच्याबाबत ग्रंथ कमालीचा व्यवहारी होतो. आधी समोरच्याचे बळ जोखा, सभा कुणाच्या बाजूची आहे ते पाहा. तो कमी शिकलेला असेल तर लांबलचक सूत्रपाठ म्हणून त्याला दडपून टाका! आजच्या चर्चासत्रांत हा उपाय माहीत नसलेला वक्ता विरळा.

संवादाची गोष्ट उलटी. संस्कृतात त्याचा एक अर्थ एकत्र बोलणे, दुसरा जुळणे, मेळ बसणे. आनंदवर्धन ध्वन्यालोकात दोन कवींच्या कल्पनांमधल्या सारखेपणाला संवाद म्हणतो. गवई वादी स्वराच्या जोडीला संवादी स्वर सांगतात तो याच अर्थाने, आणि घराघरांत विसंवाद होतो तोही याच अर्थाने. गीतेला कृष्णार्जुनसंवाद म्हणतात, तेव्हा अखेरीस अर्जुनाचा संशय फिटून तो कृष्णाच्या म्हणण्याशी जुळतो, हेही त्यात येते. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या धर्मावर तोंडसुख घेत सुरुवात करतात आणि शेवटी गळाभेट घेतात. ती गळाभेट होईपर्यंत शीर्षकातला संवाद एका अर्थाने बाकीच असतो.

मग फारसी आली, आणि तिच्याबरोबर तिच्यातले अरबी शब्द. हुज्जत म्हणजे मुळात पुरावा, युक्तिवाद. मराठीत ती घालायची वस्तू झाली. तकरार म्हणजे पुनरावृत्ती. मराठीत गाऱ्हाणे आणि भांडण. (वेदपठणाच्या परिभाषेत चर्चा या शब्दाचाही एक अर्थ पदाची पुनरावृत्ती असाच आहे. तेच ते पुन्हा बोलणे हा बहुधा सगळ्याच बैठकांचा गुणधर्म असावा.) खलवत म्हणजे एकांत, त्याचे खलबत झाले, आणि एकांतात माणसे कट शिजवतात अशी आपल्या भाषेची खात्री पटली. मतभेदाला शब्द कुठूनही आणा, संस्कृतातून आणा की अरबीतून, मराठीत तो काही काळाने भांडायला लागतो.

याचे खापर मराठी माणसाच्या स्वभावावर फोडणे सोपे आहे. मला कारण वेगळे दिसते. न्यायशास्त्रातला वाद चांगला होता तो शब्दाच्या अंगच्या गुणाने नव्हे. त्याच्याभोवती नियम, सभा आणि हार कुठे मोजायची याची निग्रहस्थाने होती. ते कुंपण गेले की उरतो तो आवाज.

शिवकालात आणि पेशवाईत असे कुंपण दुसऱ्या एका ठिकाणी होते. पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनाचा कज्जा गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे येई. पहिला बोलणारा अग्रवादी, दुसरा पश्चिमवादी. दोघांच्या तकरिरी, म्हणजे लेखी कैफियती, घेतल्या जात. निवाडा होईल तो मान्य करू, असा राजीनामा दोघांकडून आधीच लिहून घेत आणि जामीनही घेत. शेवटी हरलेला येजितखत लिहून देई: माझी बाजू खोटी ठरली. या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. साक्षीपुरावा सरला की तापल्या तेलात हात घालायचे दिव्यही तीच करवी. पण आपण हरू शकतो हे वादी तोंड उघडण्यापूर्वी कागदावर कबूल करत होता. आज राजीनामा खुर्ची सोडताना देतात. ऐकायला बसण्यापूर्वी तो द्यायचा असतो हे विस्मरणात गेले.

इंग्रजी अमलात पंचायतींच्या जागी कोर्टे आली आणि वाद छापखान्यात व चौपाटीवर उतरला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत. त्यावरच्या पुस्तकाचे नाव ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’. एकट्या वादाने भागेना, म्हणून विवाद जोडावा लागला. याउलट जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती संवादरूपात. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. ज्यांच्यावर हे पुस्तक तुटून पडते ते त्यात बोलत नाहीत. यात उणे काढण्यासारखे काही नाही. ज्यांना शास्त्रसभेत पाऊल टाकू दिले नव्हते, त्यांनी आधी आपसांत बोलायला हवे होते. आपसांत जुळणे हा संवादाचा जुना अर्थ इथे पुरता लागू पडतो. पण प्रतिपक्षी समोर बसलेला वाद तो नव्हे.

तसा वाद शाहिरांच्या फडात टिकला. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने भेदिक लावणीतून कूट घालायचे, दुसऱ्याने त्याच फडात, त्याच श्रोत्यांसमोर ते सोडवायचे आणि उलट आपले कूट टाकायचे. उत्तर आले की नाही, हे समोर बसलेली माणसे ठरवत. या प्रकाराला ना वाद म्हणत, ना संवाद. त्याला म्हणत सवाल-जवाब.