सव्वा सेकंदाहून मोठा सेकंद

१९९३ साली पेंटियम आला तेव्हा इंटेलने त्यात एक काउंटर दिला, टाइम स्टॅम्प काउंटर. क्लॉकचा ठोका पडला की आकडा एकाने पुढे. प्रोग्रामर लोकांची चैनच झाली! सेकंदाला किती ठोके पडतात ते सुरुवातीला एकदा मोजायचं, की झालं फुकटात घड्याळ.

सगळी भिस्त मात्र क्लॉकचा वेग बदलणार नाही यावर. जानेवारी २००० मध्ये स्पीडस्टेप आलं आणि तिथेच घोळ झाला. लॅपटॉपमधला ६५० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बॅटरीवर ५०० वर उतरायचा. आता गंमत बघा. ६५ कोटी ठोके म्हणजे एक सेकंद असं धरून बसलेल्या प्रोग्रामचा सेकंद झाला १.३ सेकंदांचा! पत्र टाइप करणाऱ्याला काय फरक पडतो म्हणा, पण ठरल्या क्षणी मोटरला सिग्नल देणाऱ्याचं काय?

पुढे इंटेलनेच काउंटरची वेगापासून फारकत केली. २००८ च्या नेहालेमपासून तो प्रोसेसर झोपला तरी एकाच चालीने पळतो. घड्याळ सुधारलं, उशीर तसाच राहिला. ६५० वर ८ मिलिसेकंदांत होणारं निव्वळ आकडेमोडीचं काम ५०० वर १०.४ घेणार. डेडलाइन १० ची असेल तर बोंबला.

बरेच रिअल-टाइमवाले सरळ बायोसमध्ये जाऊन हे फीचरच बंद करतात. मला २००१ मधला पिल्लई आणि शिन यांचा मार्ग जास्त पटतो. मिशिगन विद्यापीठातल्या या दोघांनी वेग ठरवायचं काम शेड्युलरला जोडलं, कारण डेडलाइन त्यालाच ठाऊक असते. लिनक्सचा ऑनडिमांड गव्हर्नर बघतो तो फक्त मागचा लोड.