तळटीप : ईयरबुकातली जाहिरातीची पाने

* जाहिरातीची पाने : अमेरिकेतल्या हायस्कुलात विद्यार्थी दरवर्षी स्वतः जमवून तयार करतात ते छायाचित्रांचे पुठ्ठाबांधणीचे पुस्तक म्हणजे ईयरबुक. छपाई जोस्टन्ससारख्या (स्थापना १८९७, मिनेसोटा) कंपनीकडे असते. खर्चाची तोंडमिळवणी मात्र बहुतेक ठिकाणी शाळेतल्या संपादक मुलांनाच करावी लागते. नुसत्या विक्रीतून ती होत नाही, म्हणून मुले शाळा सुटल्यावर गावातल्या भेटवस्तूंच्या व फुलांच्या दुकानांत, गॅरेजात, बँकेत जाऊन जाहिराती मागतात. अख्खे पान, अर्धे, पाव आणि सर्वांत स्वस्त व्हिजिटिंग कार्डाएवढी चौकट, असे दर असतात. छोटा दुकानदार बहुधा चौकटच घेतो : दुकानाचे नाव, पत्ता, फोन आणि शाळा संपवून निघालेल्या वर्गाचे अभिनंदन. त्यात धंद्याचा हिशोब थोडा, आपल्या गावच्या मुलांबद्दलची माया अधिक. आपल्याकडच्या शालेय वार्षिकांकांतली शेवटची ‘शुभेच्छुक’ पाने आठवली, की ही भावना लगेच ओळखीची वाटेल.

वाचकाने ही पाने भराभर उलटू नयेत. लहान गावांच्या १९५० च्या सुमाराच्या ईयरबुकांत तीन-चार आकडी फोन नंबर आणि काउंटरमागे उभ्या मालकाचे छायाचित्रही सापडते. त्यांतली कित्येक दुकाने पुढे बंद पडली. त्यांची खूण या चौकटींतच उरली आहे. म्हणून प्रस्तुत आवृत्तीत ती पाने गाळलेली नाहीत. — संपा.