रेषा कोणी ओढायची? मिशिगनचे मतदारसंघ आणि डेट्रॉईट

सुरुवातीलाच एक खुलासा करतो, कारण मागे एकदा घोटाळा झाला होता. आज मी 'काँग्रेस' म्हणेन तेव्हा तो आपल्याकडचा पक्ष नव्हे, अमेरिकेचं कायदेमंडळ. त्याच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाऊसमध्ये, 435 जागा आहेत. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि त्या जागा राज्यांमध्ये नव्यानं वाटल्या जातात. एखाद्या राज्याच्या वाट्याला तेरा आल्या, तर राज्याचे तेरा तुकडे करायचे. आपल्याकडे हे काम परिसीमन आयोग करतो. तिकडे बहुतेक राज्यांत ते करतं राज्याचं विधिमंडळच. म्हणजे ज्यांना निवडून यायचंय तेच मतदारसंघ आखणार! वाण्यानंच वजनं घडवायची, तसं.

मी मिशिगन राज्य निवडलंय. मोटारींचं राज्य, डेट्रॉईट शहराचं राज्य. का निवडलं ते पुढे कळेल, त्यात एक मराठी माणूसही येतो.

पन्नास-साठच्या दशकातलं चित्र बघा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगनला 19 जागा होत्या, पण विधिमंडळानं रेषाच नव्यानं ओढल्या नव्हत्या. 1962 साली 18 मतदारसंघ जुनेच ठेवले आणि एकोणिसावा खासदार सबंध राज्यातून निवडला! शहरं फुगली होती, खेडी रिकामी होत होती, रेषा मात्र तिथंच. परिणाम काय? डेट्रॉईटच्या परिसरातल्या सोळाव्या मतदारसंघात 8 लाखांवर लोक, आणि उत्तरेकडच्या जंगलपट्टीतल्या बाराव्यात 1 लाख 77 हजार. दोघांनाही एकेक खासदार. म्हणजे उत्तरेतल्या एका मताला शहरातली साडेचार मतं.

फेब्रुवारी 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जॉर्जिया राज्याच्या एका खटल्यात सांगितलं की मतदारसंघ शक्य तितके सारख्या लोकसंख्येचे हवेत. मिशिगनला नवा नकाशा काढावा लागला आणि डेट्रॉईटला आणखी एक जागा अशी मिळाली, जिथं कृष्णवर्णीय मतदारांचं बहुमत होतं. एक कृष्णवर्णीय खासदार शहराला आधीपासून होता: चार्ल्स डिग्ज, 1955 पासून. एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला बघायला मिसिसिपीत जाऊन बसलेला माणूस. आता 1964 मध्ये दुसरा आला, जॉन कॉनयर्स. गंमत अशी, की कॉनयर्सची खरी लढाई नोव्हेंबरात झालीच नाही. ती झाली त्याआधीच, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, आणि ते अगदी थोडक्या मतांनी निसटले. पुढे हाच माणूस 2017 पर्यंत हाऊसमध्ये बसला. ही प्रायमरीची गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला तिच्याकडे परत यायचंय.

लोकसंख्या सारखी करणं हा झाला अर्धा इलाज. सारख्या लोकसंख्येचे तुकडेही लबाडीनं पाडता येतात. विरोधकांची मतं दोन-चार मतदारसंघांत ठासून भरायची, उरलेली पातळ करून पसरायची. याला गेरीमँडरिंग म्हणतात. मिशिगनमध्ये 2011 साली रिपब्लिकन पक्षाच्या हाती नकाशा होता. 2012 मध्ये राज्यभर हाऊससाठी डेमोक्रॅट उमेदवारांना जास्त मतं पडली, आणि जागा मिळाल्या 14 पैकी 5. 2014 ला पाच, 2016 लाही पाचच. डेट्रॉईटपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत वेडावाकडा गेलेला चौदावा मतदारसंघ त्या काळात बदनाम होता. पुढे खटल्यात ईमेलही बाहेर आले. विरोधी मतदारांना 'कचरा' म्हणून काही मतदारसंघांत कोंबण्याची भाषा त्यांत होती.

मग 2016 च्या निवडणुकीनंतर केटी फेही नावाच्या तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, की मला याविरुद्ध काहीतरी करायचंय, कोणी येतंय का? लोक आले. स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांवर सह्या गोळा केल्या. 2018 मध्ये राज्यघटनेतला बदल जनतेसमोर गेला आणि सुमारे 61 टक्क्यांनी मंजूर झाला. नकाशा आता राजकारणी काढणार नाहीत. 13 सामान्य नागरिकांचा आयोग काढेल: 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन, 5 अपक्ष. निवडही चिठ्ठ्या काढाव्यात तशी, हजारो अर्जांतून सोडतीनं. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते. नशिबाच्या हाती काम दिलं की निदान हेतूबद्दल शंका घेता येत नाही.

2022 मध्ये या नकाशावर पहिली निवडणूक झाली. लोकसंख्या इतर राज्यांइतकी वाढली नव्हती, त्यामुळे जागा आता 13. डेमोक्रॅटांना 7, रिपब्लिकनांना 6. दहाव्या मतदारसंघाचा निकाल जेमतेम दीड हजार मतांच्या फरकानं लागला. 2024 मध्ये उलटं, रिपब्लिकन 7, डेमोक्रॅट 6. वारं फिरलं की निकाल फिरतो, म्हणजे नकाशा जिवंत आहे. पक्षांपुरतं बघाल तर काम चोख झालं.

आता डेट्रॉईटला चला. 1950 मध्ये या शहरात साडेअठरा लाख लोक होते, 2020 मध्ये उरले 6 लाख 39 हजार. त्यातले तीन चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय. जुन्या नकाशात त्यांचं बहुमत असलेले दोन मतदारसंघ होते. नव्या आयोगानं विचार केला, की ही मतं कोंबून ठेवण्यापेक्षा उपनगरांशी जोडावीत. शहराचे तुकडे बाहेरच्या वस्त्यांना जोडले: बाराव्यात डिअरबॉर्न, साउथफील्ड, लिव्होनिया, तेराव्यात दक्षिणेकडची कामगार-उपनगरं. दोन्हीकडे कृष्णवर्णीय मतदार निम्म्याच्या थोडे खाली आले. जनसुनावणीत डेट्रॉईटचे लोक उठून उठून सांगत होते, हे करू नका. आयोगाच्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं की चाळीसेक टक्क्यांतही त्यांच्या पसंतीचा उमेदवार निवडून येऊ शकतो. नोव्हेंबरातल्या निवडणुकांचे आकडे तसंच सांगत होते. पण डेट्रॉईटमध्ये नोव्हेंबरात काही ठरतच नाही हो! तिथं डेमोक्रॅटच येणार. ठरतं ते ऑगस्टच्या प्रायमरीत, आणि प्रायमरीचे पुरेसे आकडे तज्ज्ञांकडे नव्हते.

ऑगस्ट 2022. तेराव्या मतदारसंघाच्या प्रायमरीत 9 उमेदवार. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय, मतं वाटली गेली. आणि जिंकले श्री ठाणेदार, सुमारे 28 टक्क्यांवर. हो, तेच, 'ही श्रीची इच्छा' लिहिणारे, बेळगावात वाढलेले रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक. पदरचा भरपूर पैसा प्रचारात ओतला होता. आधी 2018 मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहून ते हरले होते, मग राज्याच्या विधिमंडळात गेले होते. बाराव्यातून रशिदा तलेब आल्या. 1955 नंतर पहिल्यांदाच डेट्रॉईटचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. (दहाव्यातून जॉन जेम्स हे कृष्णवर्णीय रिपब्लिकन निवडून आले, पण तो मतदारसंघ उपनगरांचा.)

आपल्याकडे तेव्हा अभिमानाच्या बातम्या आल्या. मराठी माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये! अभिमान वाटला तर वाटू द्या, मलाही वाटला. ठाणेदारांनी नियम मोडून काही मिळवलं नाही, आणि 2024 च्या प्रायमरीत त्यांना निम्म्याहून जास्त मतं पडली. मात्र त्याच निकालाकडे डेट्रॉईटमधल्या एखाद्या आजीबाईनं कसं बघितलं असेल, तेही डोळ्यांसमोर आणा. तिनं तरुणपणी डिग्जना मत दिलं, मग पन्नासेक वर्षं कॉनयर्सना.

कोणी विचारेल, आयोग लबाड होता का? माझ्या मते नाही. डिसेंबर 2023 मध्ये तीन न्यायाधीशांच्या केंद्रीय न्यायालयानं डेट्रॉईट परिसरातले राज्य विधिमंडळाचे 13 मतदारसंघ रद्द केले. कारण काय, तर रेषा ओढताना वंशाचाच विचार सगळ्यात वरचढ ठरला होता. काँग्रेसचा नकाशा त्या खटल्यात नव्हता, तो तसाच राहिला. पुढची जनगणना 2030 ला, नवी सोडत, नवे तेरा नागरिक. आणि आपल्याकडेही आता परिसीमनाची चर्चा तापतेय, 1971 च्या जनगणनेवर गोठवलेल्या जागा सुटायच्या आहेत. त्याबद्दल प्रश्न असतील तर ते आता घेऊ.