धर्मभगिनी घटल्या, फी वाढली
१८८४ साली बाल्टिमोरच्या कॅथलिक धर्मसभेने अमेरिकेतल्या प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायाला, शाळा काढण्याचा आदेश दिला. फी नाममात्र ठेवणं जमलं, कारण शिकवणाऱ्या धर्मभगिनी तुटपुंज्या मानधनावर राबत. खरी पहिली शिष्यवृत्ती त्यांचीच म्हणायची! १९६० च्या दशकानंतर त्यांची संख्या झपाट्याने घटली, पगारी शिक्षक आले आणि फी कडाडली.

मग दाते पुढे सरसावले.

शिकागोत १९८६ साली कार्डिनल बर्नार्डिन यांच्या काळात ‘बिग शोल्डर्स फंड’ उभा राहिला. गरीब वस्त्यांतल्या ज्या कॅथलिक शाळांना तो मदत करी, त्यांत इतर धर्मपंथांची मुलंही शिकत. १९९८ साली टेड फोर्स्टमन आणि जॉन वॉल्टन या दात्यांनी गरीब मुलांच्या शाळेच्या फीसाठी ‘चिल्ड्रन्स स्कॉलरशिप फंड’ काढला. शिष्यवृत्त्या ४० हजार, अर्ज साडेबारा लाख मुलांचे! सोडत काढावी लागली. नाव निघालेल्या घरालाही फीचा काही वाटा स्वतःच उचलावा लागे.