तिलोत्तमेची गोष्ट

‘तैल’ हा शब्द ‘तिल’ या शब्दापासून निघाला. पुढे मोहरी, करडई, भुईमूग यांच्या स्नेहासही आपण तेलच म्हणू लागलो. एवढा या दाण्याचा अधिकार जुना. माधोस्वरूप वत्स यांना हडप्पाच्या उत्खननात करपलेल्या तिळाचा गोळा सापडला. मिसरच्या तुतांखामेन राजाच्या थडग्यातही तीळ मिळाले. हे पीक देशोदेशी गेले खरे. मात्र जेथे गेले तेथलेच होऊन राहिले, ही त्याच्या इतिहासातील मेख आहे.

तीळ अवर्षण सोसतो, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. दिवस लहान होऊ लागले की तो फुलावर येतो. म्हणून उष्ण कटिबंधातील वाण दूर उत्तरेस नेऊन लावला, तर तो पाला वाढवीत बसतो आणि बोंडे भरण्यापूर्वीच थंडी त्याला गाठते.

१९४३ साली व्हेनेझुएलात डेराल्ड लँगम यांना आपोआप न उकलणाऱ्या बोंडांचे झाड आढळले. यंत्राने कापणी करू पाहणाऱ्यांस तो मोठाच लाभ वाटला. परंतु ती बोंडे मळणीतही सहज उकलेनात, आणि उत्पन्नही घटले. आपल्याकडे पेंढ्या उभ्या वाळवून उपड्या झटकतात; तेथे बोंडाचे उकलणे हाच गुण. एके ठिकाणचा दोष दुसरीकडे गुण ठरतो, तो असा.

मग उत्तम वाण कोणता? आमच्यासारख्या कोष्टकांत दिवस घालविणाऱ्या कारकुनांस सरासरीचा मोह चांगला ठाऊक आहे. १९६३ साली ऑस्ट्रेलियात फिन्ले व विल्किन्सन यांनी सातूच्या २७७ वाणांवर या मोहाची परीक्षा केली. एका ठिकाणी, एका हंगामात सर्व वाणांनी मिळून दिलेले सरासरी उत्पन्न हे त्यांनी त्या परिस्थितीचेच माप मानले, आणि ती सुधारत जाता प्रत्येक वाण किती चढतो ते पाहिले. कोणी चांगल्या जमिनीत भरभरून देतो, पण हलक्या जमिनीत हात आखडतो. कोणी सर्वत्र बेताचेच देतो, पण दगा देत नाही. १९६६ साली एबरहार्ट व रसेल यांनी या मापाला विश्वासार्हतेची जोड दिली. पुढे हीच रीत आपल्याकडे तिळालाही लावण्यात आली.

जळगावच्या केंद्राने ‘तापी’ व ‘पद्मा’ हे वाण दिले, तमिळनाडूत तिंडिवनमने आपले दिले. केरळात ओणाट्टुकराच्या वाळूत भाताच्या मागून उन्हाळी तीळ येतो. त्यासाठी कायंकुळमच्या केंद्राने निराळेच वाण काढले.

बंगालच्या एका वाणाचे नाव ‘तिलोत्तमा’ आहे. पुराणातील तिलोत्तमा विश्वकर्म्याने सर्व रत्नांतून तीळतीळ वेचून घडविली. सर्वत्र सर्वोत्तम अशी ही मूर्ती पुराणातच शोभते. शेतकऱ्याला सरासरी पेरता येत नाही. त्याच्यापाशी एकच शेत आणि एकच पावसाळा असतो. ज्याला कर्ज काढून पेरायचे आहे, त्याला विक्रमी वाणाहून दगा न देणारा वाण अधिक मोलाचा. म्हणून वाणाची शिफारस करताना उत्पन्नाच्या आकड्याशेजारी त्या गावाचे नावही लिहिले जावे, एवढेच आमचे मागणे आहे.