पालवणकर बाळू: विकेट मोजता येतात, मतं कशी वाचायची?

पालवणकर बाळू यांच्याबद्दल दोन आकडे हमखास सांगितले जातात. एक ११४, म्हणजे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या त्यांच्या एकूण विकेट. दुसरा ११,२२५, म्हणजे १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध त्यांना पडलेली मतं. बाबासाहेबांना १३,२४५ मिळाली आणि ते निवडून आले. एका आकड्यात करिअर, दुसऱ्यात उत्तरायुष्य, झालं! पण हे दोन आकडे एकाच प्रकारचे पुरावे आहेत का, हे आधी बघू या.

विकेटचा आकडा तसा सरळ आहे. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. कुणीही मोजले तरी तेवढेच भरतील. मात्र स्कोअरकार्डात काय नाही तेही पाहायला हवं. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामं करायचा आणि साहेब लोकांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी टाकायचा. बॅट हातात मिळायची नाही. पुढे प्लेगच्या काळात तो मुंबईत आला, हिंदूंच्या संघातून खेळू लागला. १९०६ मध्ये याच संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. मैदानात चेंडू एकच, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा वेगळा, पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. हे आपल्याला कळतं ते लोकांच्या लिहिण्या-सांगण्यातून. धाकटे भाऊ विठ्ठल यांचं 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र म्हणूनच महत्त्वाचं. भावाने भावाबद्दल लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावं, इतकंच.

कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांना डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतलं. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंचं वय तेव्हा सत्तेचाळीसच्या घरात होतं.

आता दुसरा आकडा. इथे बहुतेक जण घसरतात.

१९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे, तशी पी. बाळू यांचीही आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर मात्र दोघांची मतं वेगळी होती. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे. पुढे १९३७ ला ते काँग्रेसतर्फे उभे राहिले. यावरून कुणी लिहितं की दलित मतं जवळजवळ निम्मी-निम्मी विभागली. हा निष्कर्ष या आकड्यातून निघत नाही! कराराप्रमाणे राखीव जागेसाठी सगळे सर्वसाधारण मतदार मत देणार होते, म्हणजे ११,२२५ मध्ये सवर्णांची मतंही आली. किती, ते आकडा सांगत नाही. शिवाय मुंबई प्रांतात एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदारसंघात जेवढ्या जागा तेवढी मतं प्रत्येकाकडे, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. म्हणून १३,२४५ मतं म्हणजे १३,२४५ माणसं असंही नाही. त्यात मताधिकार मालमत्ता, भाडं, शिक्षण अशा अटींवर होता. परळ-लालबागच्या चाळींतले कितीतरी गिरणी कामगार यादीबाहेरच होते.

मी विज्ञानाकडून आलोय, त्यामुळे 'आकडा कशाने मोजला' हे विचारायची सवय आहे. इतिहासात ते उपकरण म्हणजे कायदा आणि मतदारयादी.

या निवडणुकीमुळे बाळूंना 'आंबेडकरांचा विरोधक' एवढीच ओळख चिकटली. माझ्या मते हे अन्यायाचं आहे. १९११ ला इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तिथलं मानपत्र तरुण भीमरावांनी लिहिल्याचं रामचंद्र गुहा सांगतात. म्हणजे २६ वर्षांनी समोरासमोर उभे राहिलेले हे दोघे एकमेकांना अनोळखी नव्हते. या मधल्या २६ वर्षांवर काम करायचं असेल तर विठ्ठलांचं पुस्तक आणि त्या काळातली मराठी वृत्तपत्रं शेजारी ठेवून वाचावी लागतील. बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले, बाबासाहेबांच्या आधी दीड वर्ष.